अणू, दोन पुस्तकं आणि पाच गुण

२२ जुलै २०२४. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासमोर बारावीच्या फिजिक्सचा एक प्रश्न वाचला गेला. ‘नीट’ या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या पेपरफुटीची एवढी मोठी सुनावणी, आणि मधेच अणू स्थिर असतो की नाही यावर खल! आमच्या स्टाफरूममध्ये ही बातमी आली तेव्हा आधी हशाच पिकला. मग एकाने प्रश्न फळ्यावर लिहिला, आणि फिजिक्स शिकवणाऱ्या आम्हा तिघांचं उत्तर एक येईना. हशा तिथेच थांबला.

प्रश्न असा होता. दोन विधानं दिलेली. पहिलं: अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतात, कारण त्यांत धन आणि ऋण प्रभारांची संख्या समान असते. दुसरं: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट (म्हणजे त्याच्या प्रकाशातल्या खास रंगरेषा) उत्सर्जित करतात. पर्याय नेहमीचे चार: पहिलं चूक दुसरं बरोबर, दोन्ही बरोबर, दोन्ही चूक, पहिलं बरोबर दुसरं चूक. पहिल्या विधानाबद्दल वाद नव्हताच. सगळं भांडण दुसऱ्याचं, म्हणजे पर्याय २ की पर्याय ४ एवढंच.

बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर एक वजा, सोडलं तर शून्य. ७२० गुणांच्या पेपरात एका प्रश्नाचा एवढाच जीव. पण ५ मे २०२४ ला हा पेपर २३ लाखांवर मुलांनी दिला होता, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. मधल्या गर्दीत एकेका गुणावर हजारो मुलं उभी असतात. तिथे पाच गुण इकडचे तिकडे झाले की सरकारी कॉलेज जातं, कधी डॉक्टरकीच जाते.

पेपरफुटीचा भाग इथे बाजूला ठेवतो. हजारीबाग, पाटणा, सीबीआय, ते सगळं झालं, आणि त्यावर भरपूर लिहूनही आलं. मला या प्रकरणात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. पेपर फुटला नसता, सगळी केंद्रं शिस्तीत चालली असती, तरी हा एक प्रश्न अन्याय करणारच होता. आणि तो अन्याय नेमका कुठे झाला हे शोधायला गेलं तर बोट सारखं सरकत राहतं.

मी माझ्या कपाटातून एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या, बारावी फिजिक्सच्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या काढल्या, एक जुनी, एक नवी. अणूंच्या धड्याच्या शेवटी सारांश आहे. मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री तोच वाचतात, आणि पेपर काढणारेही बहुतेक तोच वाचत असावेत. जुन्या पुस्तकात त्या सारांशात सरळ वाक्य आहे की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. नव्या पुस्तकात तेच वाक्य, त्याच जागी, फक्त ‘प्रत्येक’च्या जागी ‘बहुतेक’. बाकी काना-मात्रेचा फरक नाही.

म्हणजे जुनं पुस्तक वाचलेल्या मुलाला दुसरं विधान बरोबर दिसणार, त्याने पर्याय २ मारायचा. नवं वाचलेल्याला ते चूक दिसणार, त्याने पर्याय ४. पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात काय होतं हे मला ठाऊक नाही, पण प्रश्न बघून वाटतं ते असं: नव्या पुस्तकातलं वाक्य घेतलं, ‘बहुतेक’ खोडून ‘प्रत्येक’ घातलं आणि सापळा तयार. असे सापळे आम्ही शिक्षकही लावतो. घटक चाचणीच्या पेपराला रात्री अकराला बसलं की हे सुचतंच. फरक इतकाच की आमच्या चाचणीत मूल दुसऱ्या दिवशी येऊन भांडू शकतं.

आता फिजिक्सकडे. कारण या वादात सगळे ‘कुठल्या पुस्तकात काय’ यावर बोलले, आणि विज्ञान काय म्हणतं हा मुद्दा एका ओळीत उरकला गेला.

पर्याय ४ च्या बाजूने युक्तिवाद सोपा आहे. किरणोत्सारी मूलद्रव्यं स्थिर नसतात, त्यांचं केंद्रक आपोआप फुटत जातं. टेक्नेशियम, प्रोमेथियम आणि बिस्मथपासून पुढची सगळी. एकशेअठरा मूलद्रव्यांपैकी साधारण ८० मूलद्रव्यांनाच निदान एकेक स्थिर समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचं वेगळ्या वजनाचं रूप) आहे. तेव्हा ‘प्रत्येक’ हे चूक, ‘बहुतेक’ हे बरोबर. विषय संपला.

पण संपत नाही. कारण त्या सारांशात या वाक्याच्या अगदी आधीचा मुद्दा काय आहे ते बघा. तो रदरफोर्डच्या अणूच्या अडचणींबद्दल आहे: फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत गमावत केंद्रकात जाऊन पडायला हवा, म्हणजे अणू टिकायलाच नको, आणि या प्रतिकृतीतून रेषीय वर्णपटाचाही उलगडा होत नाही. लगेच पुढचं वाक्य: अणू स्थिर असतात आणि वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. या दोन्ही अडचणींना उत्तर देणारं ते वाक्य आहे, बोरने नंतर मांडलेल्या अणूच्या प्रतिकृतीकडे नेणारं. इथे ‘स्थिर’ म्हणजे इलेक्ट्रॉन केंद्रकात कोसळत नाही. केंद्रक फुटतं की नाही हा या धड्याचा विषयच नाही. तो पुढच्या धड्याचा. या अर्थाने युरेनियमचा अणूसुद्धा स्थिर आहे. त्याचे इलेक्ट्रॉन काही केंद्रकात जाऊन पडत नाहीत.

वर्णपटाचं तर विचारूच नका. रेडियम हे नवं मूलद्रव्य आहे हे १८९८ मध्ये ठरलं त्यात मोठा वाटा त्याच्या वर्णपटाचा होता. क्युरी पती-पत्नींनी दिलेल्या नमुन्यात वर्णपटतज्ज्ञ युजीन दमार्से याला कुठल्याही माहीत मूलद्रव्याशी न जुळणारी एक रेषा दिसली. म्हणजे ज्याचं केंद्रक स्थिर नाही असं मूलद्रव्य त्याच्या वैशिष्ट्यपूर्ण वर्णपटावरून ओळखलं गेलं. बारावीच्या मुलाला हे माहीत असण्याची अपेक्षा नाही. पण ज्याला माहीत आहे, जो धडा समजून वाचतो, तो या विधानापाशी अडतो. आणि ज्याने एक शब्द पाठ केलाय तो पुढे जातो.

आमच्याकडच्या मुलांचा आणखी एक पेच आहे. राज्य मंडळाच्या मुलांचं अधिकृत पुस्तक बालभारतीचं, एनसीईआरटीचं नव्हे. नीटसाठी ती एनसीईआरटी वेगळं वाचतात. बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात अणूची रचना आणि केंद्रकाची रचना एकाच धड्यात येतात. तिथे ‘स्थिर’ म्हटलं की मुलाला केंद्रक आठवणं साहजिक आहे. एनसीईआरटीत दोन धडे वेगळे, तिथे अणूच्या धड्यातला ‘स्थिर’ वेगळा. तेव्हा दोन बोर्डांची दोन हुशार मुलं, दोघांचंही फिजिक्स पक्कं, एकाच शब्दाने दोन वाटांना गेली तर दोष कुणाचा? मराठीतून पेपर देण्याची सोय आहे, पण दोन भाषांत फरक निघाला तर इंग्रजीतला मजकूर ग्राह्य. शब्दाचा अर्थ लावण्याची जबाबदारी शेवटी मुलाचीच.

यानंतरचा घटनाक्रम थोडक्यात. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने २९ मे ला तात्पुरती उत्तरतालिका जाहीर केली. त्यात पर्याय ४. एका प्रश्नावर हरकत घ्यायची तर २०० रुपये भरायचे होते, ते परत मिळणार नव्हते. तरी या प्रश्नावरून १३,३७३ हरकती आल्याचं एनटीएनेच सांगितलं. मग विषयतज्ज्ञांनी जुनं पुस्तक बघितलं, आणि अंतिम तालिकेत पर्याय २ आणि ४ दोन्ही बरोबर धरले गेले. ४ जूनला, लोकसभेची मतमोजणी चालू असतानाच, निकाल लागला. ७२० पैकी ७२० मिळवणारी मुलं निघाली ६७. आदल्या वर्षी असे दोनच होते.

लोकांचा संशय इथूनच सुरू झाला. त्यातच काहींना ७१८ आणि ७१९ गुण दिसले. नीटचं गणित माहीत असलेल्याला हे बघताक्षणी कळतं: ७२० च्या खाली एक प्रश्न सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५, मधलं काही येऊच शकत नाही. ते गुण वेगळ्या कारणाने आले होते. सहा केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ मुलांना सूत्राने भरपाई दिली होती. ती १३ जूनला रद्द झाली, २३ जूनला फेरपरीक्षा झाली, तिला ८१३ मुलं बसली. ६७ मधले सहा जण या भरपाईचे, ते त्यात गेले. उरले ६१.

या ६१ पैकी ४४ जण आपल्या प्रश्नामुळे वर आले होते. त्यांनी पर्याय २ निवडला होता.

या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. कोर्टात पुढे आलेली संख्या अशी: पर्याय ४ निवडणारे ९,२८,३७९ आणि पर्याय २ निवडणारे ४,२०,७७४. म्हणजे या दोन पर्यायांत वाटल्या गेलेल्या मुलांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी पर्याय २ निवडला. आता वरच्या ६१ जणांकडे बघा, ज्यांचं बाकीचं सगळं, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, एकही चूक न होता आलं. त्यांच्यातल्या ४४ जणांनी, म्हणजे ७२ टक्क्यांनी, पर्याय २ निवडला.

वस्तुनिष्ठ परीक्षेची एक साधी तपासणी असते. प्रश्न चांगला असेल तर तो हुशार मुलांना जास्त प्रमाणात जमतो, कच्च्या मुलांना कमी. पेपर झाल्यावर प्रत्येक प्रश्नासाठी हे बघता येतं. वरच्या गटाने काय निवडलं, खालच्या गटाने काय. जिथे वरचा गट घाऊक प्रमाणात ‘चूक’ उत्तराकडे जातो, तिथे मुलांऐवजी प्रश्नाचीच तपासणी करायची असते. एखाद्या जनरल प्रॅक्टिशनरला जसं एका बोटाने नाडी कळते, तसं हे आहे. यासाठी तज्ज्ञ समितीची गरज नाही. ओएमआर शीटचं, म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेचं, स्कॅनिंग झालेलं असतं, आकडे संगणकात असतात, निकालाच्या आधी असतात.

यावर कुणी म्हणेल, वरच्या मुलांत रिपीटर, म्हणजे पुन्हा परीक्षा देणारे, जास्त, त्यांच्याकडे जुनी पुस्तकं, म्हणून असं झालं. शक्य आहे. पण तेही मान्य केलं तर निष्कर्ष हाच की प्रश्नाने अणूचं ज्ञान मोजलं नाही, पुस्तक कोणत्या साली छापलं ते मोजलं.

आणि पुस्तक कोणत्या सालचं, हे बऱ्याचदा मुलाच्या हातात नसतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जून-जुलैत उभं राहा. अर्ध्या किमतीत मागच्या वर्षीची पुस्तकं, त्याच्याही आधीची आणखी स्वस्त. मुखपृष्ठ सारखंच, आत कुणाच्या तरी पेन्सिलच्या खुणा. मोठ्या बहिणीचं पुस्तक धाकट्याला येतं, शेजारच्या दादाचं आपल्याला येतं, आणि ते फुकट असतं. माझ्या वर्गात नव्या पुस्तकाची मुलं आणि जुन्या पुस्तकाची मुलं असं वेगळं काढायचं झालं तर फी भरताना हप्ते मागणारी मुलं कुठल्या बाजूला जातील हे मला आधीच सांगता येईल.

याउलट एक मुलगी कोर्टात आली होती, ७११ गुणांची. तिने हा प्रश्न सोडला होता. दोन्ही पर्याय बरोबर वाटले, निगेटिव्ह मार्किंगची भीती, म्हणून सोडला. नवीन आवृत्तीच वाचावी अशी सूचना परीक्षा घेणाऱ्यांचीच होती, मग जुन्या आवृत्तीवरून गुण कसे देता, असा तिचा मुद्दा. मला तिची बाजू सगळ्यात जवळची वाटते. प्रश्न सदोष आहे हे तिने परीक्षेच्या खोलीत, तीन तास वीस मिनिटांच्या धावपळीत ओळखलं. एनटीएला ते ओळखायला हरकती याव्या लागल्या. आणि शिक्षा झाली ती तिला: इतर दोघांना चार-चार, हिला शून्य.

आता न्यायाचं गणित मांडू. तीन मुलं धरा. एकाने २ निवडला, दुसऱ्याने ४, तिसरीने सोडला.

एनटीएच्या निकालात पहिल्याला ४, दुसऱ्याला ४, तिसरीला ०. फक्त पर्याय ४ बरोबर धरला तर पहिल्याला −१, दुसऱ्याला ४, तिसरीला ०. आणि तिसरा रस्ता म्हणजे प्रश्नच रद्द करणे. एनटीएच्या माहितीपुस्तिकेतच त्याचा नियम आहे: प्रश्न रद्द झाला तर परीक्षेला बसलेल्या सगळ्यांना चार गुण, प्रश्न सोडवलेला असो वा नसो. मग तिघांनाही ४.

एनटीएने केलं ते याच पुस्तिकेतल्या दुसऱ्या नियमाने: एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर ठरले तर त्यांपैकी कुठलाही निवडणाऱ्याला गुण. पण तो नियम लागतो कधी? दोन पर्याय एकत्र खरे असू शकतात तेव्हा. इथे पर्याय २ म्हणतो दुसरं विधान बरोबर, पर्याय ४ म्हणतो तेच विधान चूक. दोन्ही एकाच वेळी खरे असणं अशक्य. सरन्यायाधीशांनी नेमकं यावर बोट ठेवलं, आणि मला वाटतं त्या दिवशी कोर्टातलं सगळ्यात शास्त्रशुद्ध वाक्य तेच होतं.

मग कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमून दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत उत्तर द्यायला सांगितलं. २३ जुलैला उत्तर आलं: एकच पर्याय बरोबर, पर्याय ४. त्याच दिवशी कोर्टाने पूर्ण फेरपरीक्षेची मागणी फेटाळली आणि निकाल पर्याय ४ प्रमाणे दुरुस्त करायला सांगितला. सविस्तर कारणं २ ऑगस्टच्या निकालपत्रात आली. २६ जुलैला सुधारित निकाल लागला. पर्याय २ वाल्या सव्वाचार लाखांच्या आसपास मुलांचे मिळालेले चार गेले, वर एक वजा. पाच गुणांची घसरण. ४४ जणांचे ७२० चे ७१५ झाले. पैकीच्या पैकी मिळालेले उरले १७.

आमच्या स्टाफरूममध्ये या दिवशी दोन तट होते. एक तट म्हणाला, बरं झालं, एकदाचं एक उत्तर ठरलं. मी दुसऱ्या तटात होतो, आणि अजूनही आहे.

माझं म्हणणं असं. ‘दोन उत्तरं बरोबर असू शकत नाहीत’ हे खरं, पण त्यातून ‘म्हणून एक उत्तर बरोबर आहे’ हे आपोआप निघत नाही. प्रश्नच असा असू शकतो की त्याला उत्तर देण्याजोगा अर्थच पक्का नाही. ‘स्थिर’चा अर्थ केंद्रकाचा घेतला तर ४, इलेक्ट्रॉनचा घेतला तर २. अर्थ सांगितला नाही तर प्रश्न रद्द. हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. त्याच्या एक्केचाळीस वर्षं आधी याच कोर्टाने हेच सांगितलं होतं.

१९८३ चं प्रकरण, कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता. उत्तर प्रदेशातली १९८२ ची मेडिकलची सामाईक प्रवेश परीक्षा, तीही वस्तुनिष्ठ प्रश्नांची. विद्यापीठाच्या उत्तरतालिकेत काही उत्तरं चुकीची होती, आणि मुलांची उत्तरं मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तकांशी जुळत होती. कोर्टाने काय म्हटलं? उत्तरतालिका बरोबर आहे असंच धरून चालायचं; ती चूक ठरवायची तर स्पष्टपणे चूक आहे हे दाखवून द्यायला हवं. पण ते दाखवून दिलं असेल तर मान्य पुस्तकांप्रमाणे उत्तर देणाऱ्या मुलांना शिक्षा करणं अन्याय्य. आणि शेवटी सूचना: वस्तुनिष्ठ परीक्षेत फक्त खूण करायची असते, मुलाला आपलं म्हणणं मांडायला जागा नसते, म्हणून प्रश्न निःसंदिग्ध हवेत, आणि एखाद्या प्रश्नात संदिग्धता आहे हे लक्षात आणून दिलं गेलं तर विद्यापीठाने तातडीने निर्णय घेऊन तो प्रश्न पेपरातून वगळावा, त्याला गुणच देऊ नयेत.

हे निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड. पुण्यात जन्मलेले, धनंजय चंद्रचूड यांचे वडील. बापलेकांच्या आयुष्यात मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची उत्तरतालिका एकदा एकदा यावी, हा योगायोग मला उगाच आवडतो. त्यातून काही सिद्ध होत नाही. पण १९८३ ची ती शेवटची सूचना आजच्या प्रश्नाला जशीच्या तशी लागू होते, हे मात्र नुसत्या योगायोगावर सोडून देता येत नाही.

रद्द करण्याचा रस्ता निर्दोष आहे असं नाही. त्याचा तोटा ९.२८ लाख मुलांना. त्यांनी नवं पुस्तक घेतलं, सूचना पाळली, पर्याय ४ निवडला. आता आपल्यासारखेच चार गुण सगळ्यांना मिळालेले त्यांना बघावे लागतील. पर्याय १ किंवा ३ ला खूण करणाऱ्यालाही चार. यात काहींवर अन्याय आहेच. पण नीट बघा, त्यात कुणाचे मिळालेले गुण काढून घेतले जात नाहीत, आणि निकालानंतर सात आठवड्यांनी कुणाच्या पानावर वजा एक येत नाही. ७११ ची ती मुलगी ७१५ वर जाते. आयआयटीच्या २०१७ च्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये हेच झालं होतं: सदोष प्रश्नांसाठी सगळ्यांना सरसकट बोनस गुण. त्यावरूनही वाद झाला, ७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश थांबवले आणि १० जुलैला ती स्थगिती उठवली. सरसकट बोनस म्हणजे आळशी न्याय आहे, असं आमच्या सहकाऱ्यांपैकी एकीचं मत. मला ते पटत नाही, पण तिचं मत फुकटचं नाही. ती स्वतः बोर्डाच्या पेपरांची मॉडरेटर राहिलेली आहे.

बोर्डाचा विषय निघालाच आहे तर थोडं. दहावी-बारावीच्या लेखी पेपरात आमच्याकडे निदान एक सोय असते. परीक्षक तपासतो, त्याच्यावर मॉडरेटर, त्याच्यावर मुख्य मॉडरेटर. तपासणी सुरू होण्याआधी बैठकीत मॉडेल आन्सरवर भांडणं होतात, खरीखुरी, चहा थंड होईपर्यंत. मॉडेल आन्सरमध्ये नसलेलं पण बरोबर असलेलं उत्तर आलं तर त्याला गुण द्यायचे हा अलिखित नाही, लिखित संकेत आहे. प्रश्नातच घोळ निघाला तर तिथेही नियम असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात प्रश्नांच्या जागी चक्क उत्तरांच्या सूचना छापल्या गेल्या, तेव्हा मंडळाने त्या सहा गुणांचा निर्णय मुलांच्या बाजूने घेतला. तिथेही सगळं आलबेल असतं असं मुळीच नाही. चारशे पेपर तपासल्यावर चारशे एकाव्या मुलाच्या वाट्याला कसला परीक्षक येतो, ते मी आरशात बघितलंय. पण लेखी उत्तरात मूल ‘स्थिर म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने’ एवढं लिहू शकतं. ओएमआरच्या गोळ्यात ते लिहिता येत नाही.

पुढच्या वर्षी, २०२५ ला, फिजिक्सचा पेपर इतका अवघड आला की मुलं रडत बाहेर पडली. पहिल्या क्रमांकाचे गुण ६८६. खुल्या गटाची पात्रता २०२४ च्या सुधारित निकालात १६२ होती, ती १४४ वर आली. पालकांनी खूप आरडाओरडा केला, माझ्याकडेही चार जण आले. मी त्यांना सांगितलं की यात अन्याय कमी आहे. पात्रता पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के मुलं तुमच्या मागे आहेत यावर, ठरते. सगळ्यांनाच डोंगर चढायचा होता, सगळेच दमले, रांग तशीच राहिली. त्यांना ते पटलं नाही. ज्याच्या घरात मूल रडतंय त्याला पर्सेंटाइल समजावणं हा मूर्खपणाच होता, हे मला ते गेल्यावर कळलं. पण मुद्दा तोच आहे. अवघड प्रश्नात मुलाला निदान कळतं की आपल्याला येत नाही. २०२४ च्या त्या प्रश्नात ज्याला येत होतं त्याचंच जास्त चुकलं.

या वर्षी मी तोच प्रश्न बारावीच्या वर्गाला दिला, पण पर्याय काढून. तीन गुण: दुसरं विधान बरोबर की चूक, कारणासह लिहा. पहिल्या बाकावरच्या मुलीने लिहिलं, चूक. युरेनियमचं केंद्रक अल्फा कण टाकून फुटतं, म्हणून प्रत्येक अणू स्थिर नाही. तीनपैकी तीन. खिडकीजवळच्या मुलाने लिहिलं, बरोबर. रदरफोर्डच्या अणूत इलेक्ट्रॉन आत पडला असता, पण कुठल्याच मूलद्रव्यात तो पडत नाही, म्हणून सगळे स्थिर. त्यालाही तीनपैकी तीन. तिसऱ्याने लिहिलं, ‘चूक, कारण पुस्तकात बहुतेक असं दिलं आहे.’ त्याला एक दिला. तो वही घेऊन टेबलापाशी आला आणि म्हणाला, सर, नीटमध्ये याला चार मिळाले असते.